दूरचित्रवाणीचा संच घ्यावयाचा तर



उसाचे बिल हाती आले की आमच्या सदलगा भागातील घरांत काही ठरावीक विषय हटकून वर येतात. मुलीचे लग्न, घरावरचे पत्रे, नाही तर एखादी मोटारसायकल. सांप्रत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. तो विषय म्हणजे भिंतीवर लावावयाचा मोठा, सपाट दूरचित्रवाणी संच. काही दिवसांपूर्वी एक शेतकरी गृहस्थ आपल्या थोरल्या मुलास घेऊन मजकडे आले. बापलेकांत त्या संचावरून आठ दिवस धड बोलणे नव्हते. मुलगा इचलकरंजीस यंत्रमागावर कामाला जातो. त्याला ५५ इंची संच हप्त्यांनी घ्यावयाचा होता. वडिलांचे म्हणणे असे की ३२ इंची पुष्कळ झाला, उरलेल्या पैशांत सोसायटीचे देणे भागेल.

"फादर, तुमीच सांगा ओ ह्येला," वडील म्हणाले. "तुमी म्हणशीला तसं करतो आमी."

आता या विषयात मी कोण मोठा जाणकार? तथापि मला नाही म्हणवेना. कारण या बाबतीत मी स्वत: एकदा चांगलाच ठेचकाळलो आहे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासवर्गासाठी मी एक संच मागविला. सणासुदीची सवलत होती आणि घरबसल्या मागविण्याची सोय होती. पडदा भला मोठा, किंमत कमी. तिसऱ्या महिन्यात पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ उमटली. वॉरंटी शिल्लक होती. मी फोन केला तर कळले की त्या कंपनीचा सर्वांत जवळचा दुरुस्तीवाला महाराष्ट्रात बसतो आणि आमचा पत्ता कर्नाटकातला, सबब तो त्याच्या हद्दीत येत नाही. ज्याच्या हद्दीत येतो त्याला एवढ्या दूर येणे परवडत नव्हते. अडीच महिने मी त्या हिरव्या रेघेकडे पाहत होतो. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक बव्हंशी माझीच. वस्तू घेण्यापूर्वी एक फोन करून "आमच्या पिनकोडावर माणूस येतो का?" एवढे विचारले असते तर भागले असते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा.

माझ्या बालपणी संचाची निवड अशी फारशी नव्हतीच. आपल्या देशात दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले, आणि मुंबईचे केंद्र सुरू व्हावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी होती, आणि त्या राज्यांत आपले कर्नाटकही होते. रंग आले ते १९८२ साली. मला आठवतो तो मात्र कृष्णधवल संच, लाकडी पेटीतला, पुढे सरकत्या फळ्यांचे दार असलेला. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा अर्धी गल्ली त्या एका संचापुढे बसे आणि कोणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवीत असे. "आल्या का मुंग्या?" "अजून हायत!" असा संवाद वरून खाली चाले. त्या मुंग्यांसहित आम्ही जे पाहिले ते आम्हांस पुरे होते. असो.

मी त्या बापलेकांना इतकेच म्हणालो की उद्या संध्याकाळी मी तुमच्या घरी येतो. तोवर कोणीही कोठे पैसे भरू नयेत.

दुसऱ्या दिवशी मी शिंप्याची फीत घेऊन गेलो. मुलाला हसू आले. परंतु माझे मत असे की संच निवडावयाचा तो दुकानात नव्हे, आपल्या सोप्यातच निवडावा. दुकानात तो फक्त घ्यावयाचा असतो. घराचा सोपा लहानच. एका भिंतीला खिडकी, तिच्या शेजारी रिकामी जागा आणि पलीकडे घरची वेदी. समोरच्या भिंतीलगत खाट. त्या खाटेवर आजी बसतात. वय झालेले, एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, ऐकावयास थोडे कमी. खाटेवर बसल्या जागेपासून समोरच्या भिंतीपर्यंत अंतर भरले साडेआठ फूट. खिडकी आणि वेदी यांच्यामध्ये भिंत होती साडेतीन फूट.

पडद्याचे इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात. आपल्या भिंतीला त्या तिरक्या मापाशी कर्तव्य नसते, तिला रुंदी लागते. ३२ इंची संचाच्या पडद्याची रुंदी सुमारे २८ इंच, ४३ इंचीची साडेसदतीस इंच आणि ५५ इंचीची जवळजवळ ४८ इंच, म्हणजे पुरे चार फूट. साडेतीन फुटांत चार फूट कसे बसणार?

मुलगा म्हणाला, "वेदी थोडी आत घेऊया की."

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, मला टीव्हीतलं काय कळतंय? पण बातम्यांची खालची अक्षरं वाचाय आली पायजेत. आणि वेदी हलवायची न्हाई. ह्येंच्या आज्जानं बसवल्या ती."

वडिलांनी मुलाकडे पाहिले. मुलगा फीत गुंडाळू लागला. ५५ इंचांचा प्रश्न असा निकालात निघाला. मात्र आजींच्या पहिल्या वाक्यामुळे वडिलांचा ३२ इंचांचा आग्रहही थोडा ढिला झाला. कारण साडेआठ फुटांवरून खालच्या पट्टीतील बारीक अक्षरे त्यांच्या डोळ्यांना ३२ इंचीवर दिसणे कठीण होते. ३२ वरून ४३ वर गेल्यास वाढ अकराच इंचांची भासते. पडद्याचे क्षेत्रफळ मात्र पावणेदोन पटींहून अधिक होते.

आता राहिली स्पष्टता. जाहिरातींत एचडी रेडी, फुल एचडी, फोर के अशी नावे असतात. ती ऐकून माणूस गांगरतो. वस्तुत: गोष्ट साधी आहे. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते, रांगोळीसारखे. आपल्याकडे एचडी रेडी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांत आडवे १,३६६ व उभे ७६८ ठिपके असतात. फुल एचडीत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. फोर के मध्ये याच्या बरोबर चौपट. ठिपके अधिक तितके चित्र बारीक, हे खरे. पण ते पाहणाऱ्या डोळ्यालाही मर्यादा आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे ओळखू शकत नाही. हिशेब केला तर फुल एचडी चित्राचे ठिपके, चित्राच्या उंचीच्या तिपटीहून थोड्या अधिक अंतरावर एकमेकांत मिसळून जातात. ४३ इंची पडद्याची उंची २१ इंच. म्हणजे हे अंतर सुमारे साडेपाच फूट. आजी बसतात साडेआठ फुटांवर. तेथून फुल एचडी व फोर के यांतील ठिपक्यांचा फरक त्यांना तर नाहीच, त्यांच्या तरण्या नातवालाही दिसणार नाही. दोहोंची किंमत सारखीच पडत असेल तर फोर के खुशाल घ्यावा. केवळ त्या नावासाठी जादा पैसे मात्र मोजू नयेत.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाहीत. संच कितीही सूक्ष्म असला तरी त्याला चित्र येते कोठून? त्या घरी चित्र येत होते केबलवाल्याच्या डब्यातून, पिवळी-तांबडी-पांढरी अशा तीन वायरींनी. त्या पिवळ्या वायरीतून जुन्या, साध्या स्पष्टतेचेच चित्र येऊ शकते. त्या चित्रात ठिपके किती? ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. फुल एचडी पडद्यावरील ठिपके याच्या बरोबर पाचपट आहेत. म्हणजे आलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे चार ठिपके संचाला आपल्या मनाने भरावे लागतात. फोर के असेल तर एकामागे एकोणीस. गावातले दूध पाच शेर आणि पंगत शंभराची, तेव्हा वाढपी जे करतो तेच संच करतो. यास्तव साधे चित्र मोठ्या पडद्यावर जुन्या पेटीवजा संचाहूनही पुसट व फुगलेले दिसते, आणि मग लोक म्हणतात, नवा संच खराब निघाला.

हे ऐकून मुलगा प्रथमच खुर्ची पुढे ओढून बसला. "मग काय करायचं?"

करावयाचे ते असे. केबल असो वा छत्री, डबा एचडीचा हवा, डब्यापासून संचापर्यंत एचडीएमआय नावाची एकच वायर हवी आणि ज्या वाहिन्या घरात खरोखर पाहिल्या जातात त्यांची एचडी आवृत्ती घेतलेली हवी. या तिहींपैकी एक नसेल तर बाकी दोन व्यर्थ. ज्यांना दरमहा पैसे देणे नको त्यांच्यासाठी डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची विनामासिक शुल्काची छत्री आहे, जी आज फ्री डिश म्हणून ओळखली जाते. ती गरिबाघरचा मोठा आधार आहे, आणि तिच्यावर सह्याद्री व चंदना या मराठी-कन्नड दोन्ही वाहिन्या लागतात. मात्र तिच्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या स्पष्टतेच्या आहेत. ज्या घरी फ्री डिशच राहणार आहे त्यांनी ३२ इंची एचडी रेडी संच घ्यावा आणि समाधानाने पाहावा. त्याहून मोठ्यावर पैसे घालण्यात मला शहाणपण दिसत नाही.

वाहिन्यांवरून त्या घरात दुसरे भांडण निघाले, आणि ते तर आपल्या भागातील घरोघरचे. आजींना मराठी मालिका हव्यात. धाकटी नात कन्नड शाळेत जाते, तिला कन्नड कार्यक्रम हवेत. केबलवाला म्हणतो, आपण कर्नाटकात, तेव्हा कन्नड संचाचा गठ्ठाच घ्यावा लागेल, मराठी हवे तर दुसरा गठ्ठा. हे म्हणणे बरोबर नाही. ट्रायच्या नियमांनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला ती सुटी मागण्याचा अधिकार आहे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, तशाच कन्नडमधील मोठ्या वाहिन्यांच्याही. आम्ही कागदावर लिहिले: आजींच्या दोन, नातीच्या दोन, वडिलांची बातम्यांची एक. पन्नास वाहिन्यांच्या दोन गठ्ठ्यांहून ही यादी स्वस्त पडली. कोणती भाषा किती वाजता लागेल हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात मी पडलो नाही.

मुलाला मोबाईलच्या जोडणीवरून चित्रपट पाहावयाचे होते, म्हणून संच 'स्मार्ट' हवा होता. हरकत नाही, आता बहुतेक संच तसेच येतात. तथापि एचडी चित्रपटाला तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज असेल तर नायक-नायिकेची भेट होण्यापूर्वीच तो संपावयाचा.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही तिघे दुकानात गेलो. कोठले दुकान, हद्दीच्या अलीकडचे की पलीकडचे, याला पूर्वी महत्त्व होते, कारण दोन राज्यांचे कर निराळे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि तो फरक संपला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के कर होता आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांवरही १८ टक्केच झाला आहे. तेव्हा शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी मोठा संच केवढ्याला घेतला, यावरून आज अंदाज बांधू नये.

दुकानात भिंतभर संच झगमगत होते. सर्वांवर एकच चित्रफीत: निळा समुद्र, रंगीत पोपट, फळांवरून ओघळणारे पाणी. ती फीत त्यासाठीच बनविलेली असते, आणि संचही सर्वांत भडक रंगांवर लावून ठेवलेला असतो. मी दुकानदारास नम्रपणे म्हणालो, "पोपट पुरे झाले, मराठी बातम्या लावा, केबलच्या साध्या वाहिनीवर लावा, आणि चित्र साध्या मांडणीवर ठेवा." त्याने माझ्या झग्याकडे पाहिले आणि लावल्या. भिंतीवरचे निम्मे संच तेथेच उतरले.

मग मी मुलाला एका संचाच्या डाव्या बाजूस उभे केले आणि वडिलांना खाली बसविले. आपल्या घरांत सर्वजण कधीच पडद्यासमोर ओळीने बसत नाहीत. कोणी उंबऱ्यावर, कोणी जमिनीवर, सून तर स्वयंपाकघराच्या दारातून. काही पडदे समोरून उत्तम दिसतात आणि बाजूने पाहिले की फिके पडतात. काही बाजूनेही तसेच राहतात, मात्र अंधारातला काळा रंग त्यांत थोडा करडा भासतो. आयपीएस व व्हीए अशी त्यांची नावे आहेत. ती पाठ करण्याची गरज नाही, बाजूला उभे राहून पाहावे म्हणजे झाले. एलईडी आणि क्यूएलईडी यांत फार मोठा भेद मानू नये. दोहोंत मागून दिव्यांचा उजेड व पुढे द्रवस्फटिकाचा पडदा, हीच रचना असते. ओएलईडी तेवढा निराळा, त्यातील प्रत्येक ठिपका स्वत: उजळतो, आणि त्याची किंमतही निराळी.

आवाजाकडे कोणीच लक्ष देत नाही. संच जितका पातळ तितकी ध्वनिवर्धकाला जागा कमी, आणि तो बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतो. गाणे लावून आवाज तपासू नये, गाणे सर्वत्र गोडच लागते. आम्ही बातम्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज हळू केला आणि आठ-नऊ फुटांवर उभे राहून शब्द न शब्द कळतो का ते पाहिले. दोन संच त्यात नापास झाले. आजींसाठी ही परीक्षा ठिपक्यांच्या परीक्षेहून मोठी होती.

शेवटी फुल एचडीचा ४३ इंची संच ठरला. दुकानदाराने "शून्य टक्के व्याजाचे" हप्ते पुढे केले. मुलाचे डोळे चमकले. मी विचारले, रोख दिले तर किती? किंमत लगेच खाली आली. मग हप्त्यांचे प्रक्रिया शुल्क किती? तेही निघाले. हे दोन आकडे एकत्र केले की व्याज कोठे लपले ते दिसते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजाविले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. वडिलांनी बिलाच्या पैशांतून निम्मे रोख दिले. उरलेले निम्मे मुलाने, म्हणजे त्याच्या साठविलेल्या पगारातून. हे दोघांचे वाटेतच ठरले असावे; मला दुकानात कळले. सोसायटीचे देणे त्यामुळे अडले नाही.

पिनकोडाचा फोन आम्ही तेथूनच केला. मग पक्के बिल घेतले, कारण वॉरंटी त्या तारखेपासून धरतात, आणि फुटलेला पडदा तीत येत नाही. नेमका त्याच वेळी टेम्पोवाला खोके आडवे टाकावयास निघाला. सपाट संच कधीही आडवा नेऊ नये. आपल्या रस्त्यांवरचा एक खड्डा पडद्याला पुरतो. मुलगा मागे हौद्यात बसला आणि खोके उभे धरून घरापर्यंत आला.

संच लावणाऱ्याने वेदी आणि खिडकी यांच्यामध्ये माप घेतले. दोन्ही बाजूंस दोन-दोन इंच उरले. संध्याकाळचा उजेड खिडकीतून पडद्यावर येतो असे दिसले, तेव्हा सुनेने जुन्या लुगड्याचा पडदा शिवून लावला. मागच्या पट्टीवर संचाला किती व्होल्ट चालतात ते लिहिलेले असते. पुष्कळ नवे संच १०० ते २४० व्होल्टपर्यंत सोसतात, त्यामुळे कमी दाबाची त्यांना तितकी भीती नाही. भीती आहे ती वीज गेल्यावर परत येताना बसणाऱ्या धक्क्याची, आणि वळवाच्या कडकडाटाची. ढग गडगडू लागले की प्लग काढावा आणि छत्रीची वायरही काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. २०१९ व २०२१ च्या महापुरात दूधगंगेकाठच्या पुष्कळ घरांना सामान घेऊन बाहेर पडावे लागले. ज्यांच्या घरी जुना पेटीचा संच होता त्यांना तो दोघांनी उचलूनही हलेना. या नव्या संचाचे वजन एका माणसाला पेलण्याइतके आहे, म्हणून भिंतीवरून तो कसा काढावयाचा ते मुलाने लावणाऱ्याकडून शिकून घेतले.

रात्री साडेसात वाजता बातम्या लागल्या. आजींनी खाटेवरून खालची पट्टी मोठ्याने वाचून दाखविली. कांद्याच्या दराची बातमी होती. नंतर नातीने रिमोट घेतला.

जुना संच सध्या पडवीत पोत्याखाली आहे. भंगारवाला त्याचे शंभर रुपये देतो म्हणतो. परंतु त्या जुन्या काचेच्या नळीत शिसे असते आणि ती उकिरड्यावर फोडणे बरे नव्हे. तिचे काय करावे ते पुढील अंकी लिहीन.